वाशिष्ठी कोणत्या विषयात येते?

युवा शिबिरातल्या ‘बारावीनंतर काय?’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी आयटीतल्या नोकऱ्यांवर बोलेन. मी म्हटलं, मला पर्यावरण अभ्यासाच्या पदवीवर बोलायचं आहे. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “भाई, पण तुम्ही तर कम्प्युटरवाले.” खरं आहे. मी बी. ई. कम्प्युटर. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, नकाशे आणि मालवाहतुकीचे रस्ते यांचे प्रोग्रॅम लिहितो. पर्यावरणाची पदवी माझ्याकडे नाही. ती माझ्या भाचीला मिळणार आहे. आणि तिचं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं. म्हणून मी बोलायला उभा आहे.

आधी एक प्रश्न विचारतो. इथे कॉलेजात जाणारे किती? हात वर करा. आता त्यांपैकी पर्यावरणाचा पेपर दिलेले किती? सगळेच. आणि त्या पेपरचा प्रोजेक्ट स्वतः केलेले किती? बघा, हात खाली गेले. लाजू नका, माझाही हात खालीच आहे. २००७ साली मी इंजिनिअरिंगला होतो. आमच्या वर्गात साठ मुलं होती आणि ‘माझ्या परिसरातील जलप्रदूषण’ या विषयाचे साठ प्रोजेक्ट होते. मूळ प्रोजेक्ट एकच, बाकी एकोणसाठ त्याच्या झेरॉक्स. फक्त पहिल्या पानावरचं नाव बदललेलं.

हा पेपर आपल्या माथी आला कसा, हे मला फार उशिरा कळलं. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने १९९१ साली सांगितलं की पर्यावरणाचं शिक्षण शाळा-कॉलेजात सक्तीचं करा. ते नीट झालं नाही, म्हणून २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. मग यूजीसीने सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिलं. ते पुस्तक चांगलं आहे. मी ते नोकरी लागल्यावर आठ-दहा वर्षांनी पहिल्यांदा नीट वाचलं. परीक्षेला गाईड वाचलं होतं.

या एका पेपरने आपलं मोठं नुकसान केलं असं मला वाटतं. पर्यावरण म्हणजे पास व्हायला सोपा, मार्कांत न धरला जाणारा, झाडं लावा आणि प्लास्टिक वापरू नका असं सांगणारा विषय, असं आपल्या डोक्यात बसलं. त्यामुळे भाचीने २०२० साली बारावीनंतर “मामू, मला एन्व्हायर्नमेंटल स्टडीज करायचंय” असं म्हटलं, तेव्हा मी हसलो.

आमचं घर चिपळूणचं. अब्बांचं बाजारपेठेत कपड्यांचं दुकान. घरातला मी पहिला इंजिनिअर. आमच्याकडे मुलगा हुशार निघाला तर इंजिनिअर, जरा कमी निघाला तर कुवेत किंवा दुबई, आणि मुलगी हुशार निघाली तर डी. एड., असा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चाललेला. माझी आपा हुशार होती, तिचं डी. एड.सुद्धा राहिलं. तिची मुलगी शाळेत पहिली येणारी. आपा आणि भावोजी तिला पुढे शिकवायला तयार होते, एवढंच अट घालून की “मामू सांगेल ते.” म्हणजे निर्णय माझ्या हातात आला. आणि मी काय सांगितलं? “हे सगळं श्रीमंतांच्या मुलांचं असतं. आधी कम्प्युटर कर, पोटापाण्याचं बघ. झाडांवर प्रेम रविवारी करता येतं.”

हे वाक्य मला आजही आठवतं, कारण ते म्हणताना मला आपण फार व्यवहारी बोलतोय असं वाटलं होतं. ती काही बोलली नाही. इंजिनिअरिंगला गेली. कोविडचं वर्ष, सगळं ऑनलाइन. पहिल्या वर्षाला तिला चांगले मार्क पडले, पण तिचं मन त्यात नव्हतं. हे आपाला कळत होतं, मला कळत नव्हतं. मला मार्क दिसत होते.

मग २०२१ चा जुलै आला. २१ तारखेला बकरी ईद होती. मी कोविडमुळे पुण्यातच थांबलो होतो. रात्रभर पाऊस पडत होता आणि २२ तारखेच्या पहाटे चिपळुणात पाणी भरलं. किती, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या दुकानात ते छताला टेकलं. लॉकडाउनमुळे दोन्ही ईदचा माल पडून होता, तो सगळा गेला. अब्बा, अम्मी, आपा आणि मुलं शेजारच्या खालांच्या गच्चीवर दीड दिवस होती. फोन बंद. मी पुण्यात बसून मोबाइलवर एकच बातमी शंभर वेळा बघत होतो.

चौथ्या दिवशी पोहोचलो. चिखल उपसताना माणूस फार बोलत नाही. पण रात्री गच्चीवर बसलो की एकच विषय निघायचा, पूर आला कशामुळे? कोणी म्हणे कोळकेवाडीतून पाणी सोडलं. कोणी म्हणे नदीत गाळ साचलाय. कोणी म्हणे वरचं जंगल तोडलं. कोणी म्हणे उधाणाची भरती होती, पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. जो तो आपलं एकच कारण धरून भांडत होता.

मी इंजिनिअर. मला वाटलं, याचं उत्तर मी काढतो. पुण्याला परत आल्यावर लॅपटॉप उघडला. जमिनीच्या उंचीची माहिती जगाला फुकट मिळते. २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानाने रडार लावून पृथ्वीचा उंचीचा नकाशा बनवला होता, तो मी घेतला. क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं. पाण्याची पातळी अमुक मीटर धरली तर कुठला भाग बुडेल, याचा प्रोग्रॅम लिहिला आणि दोन रात्रींत निळा रंग भरलेला नकाशा तयार केला. छान दिसत होता. भाचीला पाठवला.

तिचा फोन आला. “मामू, यात आपली गल्ली कोरडी आहे.”

मी पुन्हा तपासलं. खरंच कोरडी होती. कारण त्या माहितीत एक चौकोन तीस मीटरचा. म्हणजे आमची अख्खी गल्ली, दोन्ही बाजूंची घरं आणि मागचा नाला, सगळं मिळून एक-दोन ठिपके. शिवाय त्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला वाचवायचं की नाही, हे ज्यावर ठरणार, तेवढी चूक माझ्या सुंदर नकाशात मुळातच होती.

तिने काय केलं ते ऐका. तिने शिंप्याची टेप घेतली. भिंतींवर चिखलाची रेष अजून ओली होती. ती घरोघरी गेली, उंबऱ्यापासून रेषेपर्यंत उंची मोजली आणि वहीत लिहिली. आणि प्रत्येक घरातल्या बायकांना तीन प्रश्न विचारले. पाणी किती वाजता शिरलं? कुठल्या बाजूने शिरलं? २००५ च्या पुरात कुठपर्यंत आलं होतं? बायकांना का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “पुरुष पाणी बघायला नदीवर गेले होते मामू. घरात पाणी शिरताना बायकांनी बघितलंय.”

बहुतेक जणींनी एकच सांगितलं, पाणी नदीकडून आलंच नाही, आधी मागच्या नाल्यातून आलं. नदी वर चढल्यामुळे नाल्याचं पाणी तिच्यात जाईना, ते उलटं फिरून मोहल्ल्यात शिरलं. समोरून पाणी दिसायच्या आधी स्वयंपाकघरात पाणी होतं. म्हणजे नदीवर नजर ठेवून बसलेली माणसं चुकीच्या दिशेला बघत होती. हे माझ्या नकाशात नव्हतं. कुठल्याच उपग्रहाच्या चित्रात ते मला मिळालं नसतं. ते शेजारच्या खालांना माहीत होतं, आणि त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्या वहीची पानं तिने मला फोटो काढून पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली, “वाशिष्ठी कोणत्या विषयात येते?”

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. तुम्हीही करा. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळच्या खाडीला मिळते. भूगोलात एवढं येतं. पण तिच्यात पाणी कोणाचं आहे? कोयना ही कृष्णेची उपनदी, पूर्वेला जाणारी. तिचं पाणी अडवून बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय. पोफळी, मग कोळकेवाडी, आणि वीज बनवून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे चिपळूणच्या बाजारपेठेजवळून वाहणाऱ्या पाण्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांचा कायदेशीर झगडा वाहतोय. त्या पाण्यावर १,९६० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे, त्याच्या विजेवर कारखाने चालले, शहरं वाढली. हे अर्थशास्त्र. कोयनेच्या धरणात गावं गेली, ती माणसं कुठे गेली, हा समाजशास्त्राचा आणि इतिहासाचा भाग.

आता गाळ. गाळ येतो डोंगरावरून. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बहुतेक झाडी खासगी मालकीची. मालकाला पैशाची गरज पडली की तो लाकूडतोड करणाऱ्या ठेकेदाराला बोलावतो. वृक्षतोडीचा कायदा १९६४ पासून आहे, पण घरात लग्न किंवा आजारपण निघालं की कायद्याच्या आधी गरज येते. त्या मालकाला आपण खलनायक म्हणणार का? मग झाड राखण्याचे त्याला पैसे कोण देणार? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही.

मग भरती. चिपळूणपर्यंत खाडीचं पाणी चढतं. उधाणाच्या वेळी डोंगराचं पाणी आलं तर ते समुद्रात जायला वाट मिळत नाही. त्यासाठी समुद्रशास्त्र पाहिजे. पाऊस एवढा का पडला? २२-२३ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यासाठी हवामानशास्त्र पाहिजे. आणि पुरानंतर पूररेषांची चर्चा सुरू झाली. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कागदावर बरोबर आहे. पण निळ्या रेषेच्या आत ज्यांची शंभर वर्षांची घरं आणि दुकानं आहेत, त्यांनी काय करायचं? बांधकामाची परवानगी नाही, जागेला किंमत नाही, दुसरीकडे जायला पैसा नाही. रेषा गणिताने काढता येते. ती कोणाच्या घरावरून जाते आणि त्याचं पुढे काय होतं, हे गणितात येत नाही.

थोडं खाली खाडीकडे या. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न आणि दाभोळ खाडीतल्या मासेमारीची घट, याविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली दिलेल्या पश्चिम घाट अहवालात लिहिलं आहे. खाडीवर जगणाऱ्यांत भोई आहेत, आपले दालदी आहेत. पाण्यात काय मिसळलंय हे रसायनशास्त्र सांगेल. मासे का मेले हे जीवशास्त्र सांगेल. पण जाळं विकून मुलगा मुंबईला का गेला, हे दोघांनाही सांगता येणार नाही.

तेव्हा वाशिष्ठी कोणत्या विषयात येते? ती सगळ्या विषयांत येते, आणि म्हणून आपल्या कॉलेजात ती कुठेच येत नाही. गच्चीवर भांडणारे सगळे बरोबर होते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. ते तुकडे एकत्र ठेवून कुठला तुकडा केवढा, हे शांतपणे तपासणारं माणूस तिथे नव्हतं. असं माणूस तयार करणं हे पर्यावरण अभ्यासाच्या पदवीचं काम आहे.

आता पदवीबद्दल सरळ माहिती देतो, कारण तुम्ही त्यासाठी बसला आहात.

पहिली गोष्ट, पर्यावरणशास्त्र आणि पर्यावरण अभ्यास यांत फरक आहे. एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या बी. एस्सी.त भर विज्ञानावर असतो, पाणी-माती-हवेची तपासणी, परिसंस्था, प्रयोगशाळा. एन्व्हायर्नमेंटल स्टडीजमध्ये विज्ञान असतंच, पण सोबत अर्थशास्त्र, कायदा, धोरण, समाजशास्त्र, इतिहास आणि लेखनही असतं. हा प्रकार जुना आहे. अमेरिकेत मिडलबरी कॉलेजने १९६५ साली अशी पदवी सुरू केली. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९६७ साली पर्यावरणासाठी वेगळी शाळाच उभी राहिली. आपल्याकडे पदवीच्या पातळीवर हे तुलनेने नवं आहे. पुण्याचं फ्लेम, आंध्रातल्या श्रीसिटीचं क्रिया अशा विद्यापीठांत हा मुख्य विषय घेता येतो. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातही याच्या जवळचा पदवी अभ्यासक्रम आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आणि मुख्य विषयासोबत जोडविषय घ्यायची सोय आली आहे. अभ्यासक्रमांची नावं आणि नियम बदलत राहतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षी स्वतः तपासा, माझ्या भाषणावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट, शिकवतात कसं? भाचीचं पहिलं वर्ष बघून मला धक्का बसला. एकाच आठवड्यात तिला नदीच्या पाण्यातला प्राणवायू मोजायचा होता, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचायचा होता आणि सांख्यिकीची गणितं सोडवायची होती. मग गावात जाऊन लोकांशी बोलायचं, आणि हे सगळं जोडून दोन हजार शब्दांचा निबंध लिहायचा. गाईड नाही. झेरॉक्सचा उपयोग नाही, कारण प्रत्येकाची नदी वेगळी. मला इंजिनिअरिंगमध्ये प्रश्न दिला जायचा आणि मी उत्तर काढायचो. तिला आधी प्रश्न काय आहे ते शोधायला लावतात. हे जास्त अवघड आहे, हे मी आता मान्य करतो.

तिसरी गोष्ट, खर्च. खासगी विद्यापीठांची फी भरमसाट आहे. श्रीमंतांच्या मुलांचं असतं, हे मी म्हणालो होतो ते पूर्ण खोटं नव्हतं. माझी चूक अशी की मी तिथेच थांबलो. काही ठिकाणी घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी माफ होते, अझीम प्रेमजी विद्यापीठात तशी सोय आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो, उत्पन्नाचे दाखले जोडावे लागतात. आमच्या पुराच्या पंचनाम्याचा कागददेखील तिच्या अर्जात कामाला आला. तरी जमलं नाही, तर दुसरी वाट आहे. जवळच्या कॉलेजात भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, काहीही चांगलं करा आणि पदव्युत्तरला इकडे वळा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामान बदलावर एम. ए. आहे. इंजिनिअर झाला असाल, तर आयआयटी मुंबईत सितारा नावाचं केंद्र ग्रामीण तंत्रज्ञानावर १९८५ पासून काम करतंय. दार एकच नाही.

चौथी गोष्ट, नोकरी. पालक याचीच वाट बघतायत, मला दिसतंय. उत्तर असं आहे की नोकऱ्या आहेत, पण आयटीसारखी कॅम्पसमध्ये रांग लागत नाही. सेबीने २०२२-२३ पासून देशातल्या सर्वांत मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं सक्तीचं केलंय. तो अहवाल लिहायला आणि तपासायला माणसं लागतात. प्रकल्पांचे पर्यावरण परिणाम अभ्यास करणाऱ्या सल्लागार संस्था आहेत, पाणी-शेतीवर काम करणाऱ्या संस्था आहेत, नकाशाची कामं आहेत, पत्रकारिता आहे. सुरुवातीचा पगार माझ्या क्षेत्रापेक्षा बहुधा कमी असेल. हे लपवून तुम्हाला तिकडे पाठवलं, तर ती माझी दुसरी चूक होईल. घरात एकच कमावतं माणूस असेल आणि कर्ज असेल, तर हा हिशोब मांडूनच निर्णय घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पाचवी गोष्ट, या पदवीचा खरा धोका. सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि पक्कं काहीच येत नाही, असं होऊ शकतं. मी अशी मुलं मुलाखतीला आलेली पाहिली आहेत. शाश्वत विकासावर अर्धा तास सुंदर बोलतात, पण समोर आकड्यांचा तक्ता ठेवला की गप्प. म्हणून माझा सल्ला असा की ही पदवी घ्या, पण त्यात एक हत्यार धारदार करा. नकाशाशास्त्र म्हणजे जीआयएस, किंवा सांख्यिकी, किंवा पाण्याची तपासणी, किंवा पर्यावरण कायदा. एकच, पण असं की रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. भाचीने नकाशा निवडला. आता ती मला सांगते की माझा प्रोग्रॅम कुठे चुकला होता.

कॉलेज निवडण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि तीन गोष्टी विचारा. फील्डवर किती दिवस नेतात? शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रकल्प असतो की नाही? आणि गेल्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत? या तिन्हींची उत्तरं गुळमुळीत आली, तर तिथे तो सहा महिन्यांचा पेपरच तीन वर्षं ताणलाय असं समजा.

आता शेवटचं. हे सगळं मी आपल्या मुलामुलींना का सांगतोय?

आपण राहतो कुठे ते आठवा. नदीच्या काठाला, नाल्याच्या तोंडाला, खाडीच्या कडेला, कचरा डेपोच्या शेजारी, यंत्रमागांच्या गल्लीत. सगळेच नाही, पण पुष्कळजण. आणि तिथे आपण एकटे नसतो, आपल्यासारखेच दुसरेही गरीब असतात. पाणी येतं तेव्हा ते सगळ्यांच्या घरात शिरतं. पण त्या पाण्याचा अहवाल लिहिला जातो तेव्हा टेबलाभोवती आपल्यातलं कोण असतं?

मी एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेलो होतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा सुनावणीची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध असावा लागतो. सूचना निघाली होती. सारांशही होता. वाचला कोणीच नव्हता. आमच्या बाजूने दोन तास घोषणा झाल्या, एक-दोघे तावातावाने बोलले, सगळं काही इतिवृत्तात ‘स्थानिकांनी विरोध नोंदवला’ या एका ओळीत मावलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने विचारलं, अहवालात पावसाळ्यातली मोजमापं कोणत्या पानावर आहेत? आम्हाला पूर पावसाळ्यात येतो आणि मोजणी उन्हाळ्यातली दिसते आहे. मंचावर कागद चाळण्याचा आवाज झाला. तो प्रश्न त्यांना शब्दशः लिहून घ्यावा लागला. ती मुलगी माझी भाची होती असं मला सांगायला आवडलं असतं. ती नव्हती. दुसऱ्याच गावची, दुसऱ्याच समाजाची कोणी विद्यार्थिनी होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनात एकच येत होतं, की हिला कोणत्या मामाने अडवलं नाही.

भाचीने पहिल्या वर्षानंतर इंजिनिअरिंग सोडलं. आपाने मला फोन करून विचारलं नाही, फक्त कळवलं. अब्बा म्हणाले, “दुकान गेलं त्याचं काही नाही, पोरीचं वर्ष नको जायला.” पण ते गेलंच होतं. पुढचा प्रवेश २०२२ ला झाला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रकल्प आमच्याच नाल्यावर आहे, ज्या नाल्यातून पाणी उलटं आलं. तिने गल्लीतल्या चाळीस घरांच्या उंबऱ्यांची उंची नीट उपकरण लावून मोजलीये. पावसाळ्यात नाल्यावर खुणा रंगवलेली एक पट्टी लावलीये, आणि पाणी तिसऱ्या खुणेला आलं की फोन करायचं काम शेजारच्या खालांकडे आहे. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मी एक छोटा प्रोग्रॅम जोडून दिला. या सगळ्यात माझं काम सगळ्यात सोपं होतं.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री माझा फोन वाजला. खालांचा आवाजी संदेश होता. “दुसऱ्या खुणेवर आहे. माल वर चढवतोय. तू झोप.” अब्बांनी दुकानातलं कापड माळ्यावर नेलं. त्या रात्री पाणी आलं नाही, उतरलं. सकाळी सगळं कापड पुन्हा खाली आणावं लागलं आणि अब्बा कुरकुरले. ती कुरकुर ऐकून मला जेवढं बरं वाटलं, तेवढं कुठल्याही पगारवाढीने वाटलेलं नाही.

पालकांनो, तुमच्या घरात कोणी असा वेगळा विषय घेऊन आला, तर लगेच हो म्हणू नका. खर्च विचारा, नोकरी विचारा, कॉलेज बघून या. पण हसू नका. मी हसलो होतो.

मुलामुलींनो, तुम्ही एक वही घ्या आणि तुमच्या गल्लीतलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते आठ दिवस लिहून काढा. लिहिताना कंटाळा आला, तर ही पदवी तुमच्यासाठी नाही आणि तुमचा वेळ वाचला. नवव्या दिवशीही लिहावंसं वाटलं, तर मला येऊन भेटा. मी भाचीचा नंबर देईन. माझा घेऊ नका, मी अजून शिकतोय.